झाडाखाली बसल्याने अक्षर येत नाही : निसर्गभ्रमंतीतून वाचन-लेखन नेमके कसे घडते

मुलांना निसर्गात मोकळे सोडले की ती आपोआप शिकतात, हे विधान वाचन-लेखनाच्या बाबतीत निम्मेच खरे आहे. बोलणे मूल आपोआप शिकते. भोवतालची माणसे बोलत असली, त्याच्याशी संवाद साधत असली, एवढे त्याला पुरते. लिपीचे तसे होत नाही. माणूस बोलू लागला त्याला अगणित पिढ्या उलटल्या, पण लेखनाची सुरुवात होऊन साधारण पाच हजार वर्षेच झाली आहेत आणि सर्वसामान्यांच्या हाती ते अगदी अलीकडे आले. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी जन्मजात सोय तयार होणे शक्यच नव्हते. त्यामुळे वाचायला शिकताना मेंदू मूळच्या दुसऱ्या कामासाठी असलेला भाग वापरतो. स्तानिस्लास दहेन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञांनी या प्रक्रियेचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेतील, मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा-खालचा एक छोटा भाग वाचायला शिकताना हळूहळू अक्षरांच्या कामाला जुंपला जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

यातून निघणारी एक गोष्ट आपल्या विषयाला थेट भिडते. सरडा डावीकडे तोंड करून बसला काय किंवा उजवीकडे, तो सरडाच असतो. पान उलटे पडले तरी ते पानच राहते. निसर्गात वावरणाऱ्या प्राण्याला वस्तूची दिशा कोणतीही असली तरी ती ओळखता यावी लागते, म्हणून आपली नजर डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाकडे सहज काणाडोळा करते. अक्षरांच्या जगात मात्र हीच सवय आड येते. चार-पाच वर्षांची मुले काही अक्षरे किंवा अंक आरशात पाहिल्यासारखे उलटे लिहितात, ते याच कारणाने. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. परंतु हजारो पाने पाहून ‘ग’ ओळखता येणार नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. कोणते चिन्ह कोणत्या ध्वनीसाठी आहे, हे कोणीतरी मुलाला सांगावे लागते, दाखवावे लागते आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते.

मग निसर्गाचा उपयोग काय? हे समजण्यासाठी फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेले एक साधे सूत्र फार उपयोगी पडते. त्यांच्या मते वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे : एक म्हणजे लिहिलेल्या चिन्हांचा उच्चार करता येणे आणि दुसरी म्हणजे ती भाषा ऐकल्यावर कळणे. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. एखादे मूल ‘दलदलीत बेडकांची अंडी फेसाळ पुंजक्यात तरंगत होती’ हे वाक्य न अडखळता वाचेल, पण दलदल म्हणजे काय आणि पुंजका कसा असतो हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. उलट, या सगळ्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या मुलाला अक्षरेच येत नसतील, तर त्याच्यासाठीही ते वाक्य म्हणजे नुसत्या काळ्या रेघा.

निसर्गभ्रमंती या गुणाकारातल्या दुसऱ्या संख्येवर काम करते, आणि तिथे तिचा हात धरणारे फारसे काही नाही. पूर्वज्ञान वाचनात किती मोठी भूमिका बजावते, हे डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ मधील प्रयोगातून दिसले. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. मुलांमध्ये वाचनात हुशार आणि वाचनात कच्ची, तसेच खेळाची चांगली माहिती असलेली आणि नसलेली, असे चारही प्रकार होते. वर्णन समजण्याच्या आणि लक्षात राहण्याच्या बाबतीत निर्णायक ठरली ती खेळाची माहिती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. जे बेसबॉलचे, तेच बेडकाचे, पावसाचे आणि मुळांचे. पाठ्यपुस्तकांतील किती मजकूर प्राणी, वनस्पती, माती, पाणी आणि ऋतू यांच्याभोवती फिरतो हे लक्षात घेतले, तर ज्याने हे सारे जवळून पाहिले आहे ते मूल वाचनाच्या शर्यतीत चार पावले पुढून सुरुवात करते, असे म्हणता येईल.

मात्र पाहिले म्हणजे भाषा आली, असेही नाही. पन्नास मुलांना रांगेत बागेतून फिरवून आणणे ही सहल झाली. तिच्यातून पाय मोकळे होतील, शब्द वाढतीलच असे नाही. भाषा वाढते ती पाहताना होणाऱ्या बोलण्यातून, आणि ते बोलणे कसे होते यावर बरेच अवलंबून असते. मोठी माणसे बहुतेक वेळा ‘हे काय आहे?’ असे विचारतात, मूल ‘मुंगी’ म्हणते, ‘शाब्बास’ होते आणि विषय संपतो. त्याऐवजी पुढील प्रसंग पाहा. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली आहे आणि शिक्षिका एका मुलीला त्या रांगेच्या वाटेवर बोटाने एक आडवी रेघ घासायला सांगतात. रेघेपाशी आलेली मुंगी थबकते, मागे वळते, पुन्हा येते.

“त्यांना रस्ता सापडत नाहीये,” मुलगी म्हणते.

“कशावरून म्हणतेस?”

“ती बघा ना ताई, पुढे जातच नाहीये. नुसती गोल गोल फिरतेय. आणि डोक्यावरचं ते हलवतेय.”

“त्याला स्पर्शिका म्हणतात. त्यांनी ती वास घेते. आता तूच सांग, तिचा रस्ता कशाचा असेल?”

मुंग्या चालताना जमिनीवर एक रासायनिक द्रव्य सोडतात आणि मागच्या मुंग्या त्याच्या वासावर चालतात. बोटाने तो माग पुसला जातो आणि थोड्या वेळाने त्या नवी वाट पक्की करतात. या दोन मिनिटांत मुलीच्या वाट्याला ‘स्पर्शिका’ हा नवा शब्द आला, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिला ‘कशावरून’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘आधी’, ‘नंतर’ या शब्दांनी वाक्ये जोडण्याची गरज अशा वेळी खरोखर पडते. पुस्तकी भाषेचा सांगाडा याच शब्दांवर उभा असतो. शिवाय शब्द नेमका त्या क्षणी दिला गेला, जेव्हा डोळ्यांसमोर ती वस्तू हलत होती आणि मुलीला तिचे नाव हवे होते. आधी फळ्यावर दहा शब्द लिहून मग ते शोधायला बाहेर नेण्याची पद्धत मला याच कारणाने उफराटी वाटते.

गुणवाचक शब्दांसाठी तर हातात धरलेल्या वस्तूसारखे साधन नाही. दोन पाने हातात दिली आणि डोळे मिटून फरक सांगायला लावला, की ‘हे वेगळे लागते’ एवढ्यावर भागत नाही. गुळगुळीत, खरखरीत, लवदार, चिवट, ठिसूळ, कडेला दातेरी अशा शब्दांची निकड निर्माण होते आणि ‘छान’ व ‘मस्त’ या दोन शब्दांवर चाललेला कारभार थांबतो.

आता गुणाकारातल्या पहिल्या संख्येकडे, म्हणजे प्रत्यक्ष अक्षरांकडे वळू. येथे निसर्ग शिकवत नसला, तरी कच्चा माल पुरवतो, आणि मराठीच्या बाबतीत तो माल विलक्षण सोयीचा आहे. मुलांना शांत बसवून, डोळे मिटून, फक्त ऐकायला सांगावे. पानांची सळसळ, पाण्याची खळखळ, थेंबांची टपटप, पंखांची फडफड ऐकू येते. ही नादांवरून घडलेली नावे लिहून पाहिली तर काय दिसते? त्यांत काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही. शिवाय प्रत्येक शब्दात तीच दोन अक्षरे त्याच क्रमाने दोनदा येतात. स आणि ळ ही दोन अक्षरे आली की ‘सळसळ’ वाचता येते; त्यात ख मिळवला की ‘खळखळ’; ‘फळ’ आणि ‘कमळ’ही फार लांब राहत नाहीत. ग, व, त, द, ड, ढ या अक्षरांवर ‘गवत’, ‘दगड’ आणि ‘ढग’ उभे राहतात. वर्णमालेच्या क्रमाने क-ख-ग-घ-ङ घोकत जाण्यापेक्षा अशी चार-पाच अक्षरांची टोळी शिकवून लगेच खरे, ओळखीचे शब्द वाचायला देणे अधिक फलदायी ठरते, कारण अक्षरे जोडली की अर्थ निघतो हा अनुभव मुलाला पहिल्याच आठवड्यात येतो.

या शब्दांचा आणखी एक उपयोग आहे. लिपी शिकण्याआधी मुलाला बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने ऐकू यावे लागतात. ‘सळसळ’ हा एकच अखंड आवाज नसून त्याला जोड आहेत, हे जाणवावे लागते. टाळ्या वाजवत शब्द फोडणे, ‘टपटप’मधला ट काढून ख घातला तर काय होईल असे विचारणे, ‘ग’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधत फिरणे, असे खेळ बाहेर उत्तम रंगतात. गवत, गांडूळ आणि गोगलगाय यांची सुरुवात एकाच व्यंजनाने होते, पण ‘ग’, ‘गां’ आणि ‘गो’ वेगळे का ऐकू येतात, या प्रश्नातून स्वरचिन्हांकडे जाण्याची वाट उघडते. तिथून पुढे कान्याचे शब्द : पान, झाड, वारा, खार. मग वेलांटी आणि उकार. पहिल्या वेलांटीपाशी थोडे रेंगाळावे लागते, कारण ‘चिखल’ लिहिताना वेलांटी च च्या आधी दिसते आणि उच्चारात त्याच्या नंतर येते. मुलाच्या दृष्टीने ही उघड फसवणूक आहे आणि ती समजावून सांगण्यात वेळ गेला तर जाऊ द्यावा. ‘पक्षी’ आणि ‘स्पर्शिका’ यांतील जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

येथे एक घोळ नेहमी होतो. मुलाच्या तोंडी असलेले शब्द आणि त्याला वाचता येणारे शब्द यांच्या दोन वेगळ्या याद्या असतात. पाच वर्षांचे मूल ‘फुलपाखरू’ आणि ‘कोळिष्टक’ सहज बोलते, पण वाचायला ‘दगड’पर्यंतच पोचलेले असते. वाचता येत नाहीत म्हणून मोठे शब्द बोलण्यातून टाळणे जितके चुकीचे, तितकेच ते बोलता येतात म्हणून वाचायला लावणे चुकीचे. दुसऱ्या प्रकारात मूल शब्द वाचत नाही, चित्रावरून किंवा समोर ठेवलेल्या वस्तूवरून तो ओळखते, आणि आपल्याला मात्र ते वाचते आहे असा भास होतो.

बोलणे आणि लिपी यांना जोडणारा दुवा म्हणजे मुलाचे स्वतःचे वाक्य. या पद्धतीचा एक सुंदर इतिहास आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाला पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली होती. १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या गावच्या शाळेत तो रुजू झाला, तेव्हा वर्गात तासन्‌तास बोलत राहणे त्याला झेपत नसे. तो मुलांना घेऊन बाहेर पडू लागला. शेते, ओढे, कारागिरांची कामे पाहून मुले परतत आणि जे पाहिले त्याचा छोटासा मजकूर सगळे मिळून फळ्यावर तयार करीत. तयार पुस्तकातल्या धड्यांकडे ढुंकूनही न पाहणारी मुले हा मजकूर हौसेने वाचत आहेत, हे त्याच्या ध्यानी आले. पुढे त्याने वर्गात एक लहान छापखाना आणला, मुले स्वतः खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवून आपला मजकूर छापू लागली आणि ती पाने दुसऱ्या शाळेतील मुलांना पाठवू लागली. वाचणारे कोणीतरी खरोखर दूर बसले आहे म्हटल्यावर ‘झाड मोठे होते’ एवढ्यावर भागेना. किती मोठे, कशासारखे, कुठे, हे लिहिणे भाग पडू लागले. माझ्या मते फ्रेनेच्या कामातला हाच भाग सर्वांत कमी उचलला गेला आहे. बाहेर नेणे सगळ्यांना आठवते. ज्याने ते पाहिलेले नाही अशा वाचकासाठी लिहायला लावणे विसरले जाते.

घरी किंवा वर्गात याची सुरुवात अगदी साधी असते. मूल सांगते, मोठे माणूस त्याच्यासमोर लिहिते, लिहिताना शब्द हळूहळू उच्चारते, आणि मग दोघे बोट ठेवून वाचतात. मूल ‘मुंगीनं पान ओढत नेलं’ म्हणाले, तर ‘मुंगीने पान ओढत नेले’ असे सुधारून लिहावे की नाही, यावर शिक्षकांत मतभेद आढळतात. मी सुरुवातीला मुलाचेच शब्द जसेच्या तसे उतरवण्याच्या बाजूचा आहे. या टप्प्यावर शिकायची गोष्ट एकच आहे : आपण बोललो ते कागदावर बसते आणि उद्या वाचले तरी तेच राहते. आपण वेगळेच लिहिले तर नेमका हाच विश्वास डळमळतो. लेखी भाषेची वळणे पुढे वाचनातून आणि शिकवण्यातून येतात.

त्यानंतर पेन्सिल मुलाच्या हाती द्यायची. करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही अक्षरे मुलांनी स्वतः काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कळफलकावर टंकली. नंतर अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग विशेष सक्रिय झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. हाताने काढलेले वेडेवाकडे ‘ग’ही, बहुधा वेडेवाकडे असल्यामुळेच, गिरवलेल्या सुबक ‘ग’पेक्षा अधिक शिकवून जाते.

मूल लिहू लागले की चुका होणारच. ‘पान’ लिहायचे आणि ‘पन’ लिहिले जाते. ‘चिखल’चा ‘चखल’ होतो. चार्ल्स रीड यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले की लहान मुलांचे असे स्वरचित लेखन यादृच्छिक नसते, त्यामागे मुलाच्या कानाला जाणवलेली ध्वनिव्यवस्था असते. ‘पन’ लिहिणाऱ्या मुलाने दोन्ही व्यंजने अचूक पकडली आहेत. स्वरासाठी वेगळी खूण करायची असते, एवढेच त्याच्या ध्यानात यायचे आहे. कॅनडातील जीन वुलेट आणि मोनिक सेनेशाल यांच्या २००८ मधील अभ्यासात ज्या बालवाडीतील मुलांना आपल्या कानावर विसंबून लिहू दिले गेले आणि प्रत्येक वेळी पुढच्या एका पायरीपुरते मार्गदर्शन केले गेले, ती पुढे शब्द वाचायला शिकण्यात सरस ठरली. या वाक्यातील ‘मार्गदर्शन केले गेले’ हा भाग कोणी गाळू नये. काहीही लिहिले तरी चालते, असे त्यातून निघत नाही.

याच संदर्भात पानाफुलांनी अक्षरे सजवण्याविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण निसर्गातून भाषा म्हटले की बहुतेकांना तेच आठवते. काड्या, बिया आणि पाकळ्या मांडून ‘क’ तयार करण्यात अर्धा तास सहज जातो. पण त्या अर्ध्या तासात मुलाचे मन पाकळी कुठे बसवावी यात गुंतलेले असते, ‘क’च्या ध्वनीत नव्हे. आपण ज्याचा विचार करतो तेच लक्षात राहते. त्याच वेळात ओल्या वाळूत बोटाने वीस वेळा ‘क’ काढून, प्रत्येक वेळी तो मोठ्याने उच्चारला तर लाभ अधिक. स्पर्शाची मदत होते हे खरे आहे. एदुआर जांताझ आणि फ्लोरांस बारा यांच्या फ्रान्समधील प्रयोगांत उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवण्याचा पाच वर्षांच्या मुलांना फायदा झाला. पण बोट अक्षराच्या वळणावरून फिरत होते आणि ध्वनीही सोबत होता. सजावट ही हस्तकला म्हणून अवश्य करावी, वाचनाच्या तासिकेत मोजू नये.

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी सर्वांत गुणी साधन म्हणजे निरीक्षणाची नोंदवही. एकच झाड किंवा भिंतीच्या भेगेत उगवलेले एकच रोप निवडावे आणि दर आठवड्याला तारीख घालून त्याविषयी लिहावे. जंगल लागत नाही. खिडकीतली कुंडीही पुरते. आरंभी नोंदी कंटाळवाण्या येतात : ‘आज पाने हिरवी आहेत.’ पण मागच्या पानावरची नोंद वाचून मग नवी लिहायची, असा नियम ठेवला की तुलना सुरू होते आणि वाक्ये आपोआप लांबतात : ‘मागच्या आठवड्यात मिटलेली कळी आज उमलली आहे, पण तिच्याखालचे पान कोणीतरी कडेने कुरतडले आहे.’ आकृती काढून तिच्या भागांना नावे देणे, मोजमाप लिहिणे, ‘मला वाटते’ आणि ‘मी पाहिले’ यांत फरक करणे, हे सारे माहितीपर लेखनाचे धडे आहेत. पान कोणी कुरतडले हे शोधण्यासाठी मूल कीटकांविषयीचे पुस्तक उघडते तेव्हा ते पहिल्यांदा एखाद्या खऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी वाचत असते.

बाहेर नेल्याने वर्गातले लक्ष उडते, ही भीती मात्र फारशी साधार दिसत नाही. मिंग क्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे काही तास हिरवळीवर आणि काही वर्गात घेतले गेले. बाहेरच्या तासानंतर लगेच झालेल्या वर्गात मुलांचे लक्ष अधिक चांगले राहिले आणि शिक्षकांना मुलांना भानावर आणावे लागण्याची वेळ जवळजवळ निम्म्याने कमी झाली. अभ्यास दोनच वर्गांपुरता होता, हे मात्र ध्यानात ठेवावे.

एका बाबतीत सावध राहणे आवश्यक आहे. भरपूर बोलणारे, पाखरांची नावे धडाधड सांगणारे मूल अक्षरांपाशी सतत अडत असेल, जुळणारे ध्वनी ओळखू शकत नसेल, शिकवलेले अक्षर आठवडाभरात विसरत असेल, तर त्याला आणखी भ्रमंतीची गरज नसून क्रमवार, चिकाटीने केलेल्या अक्षरशिक्षणाची आणि गरज पडल्यास तज्ज्ञाच्या तपासणीची आहे. अशा मुलाची बोलण्यातली हुशारीच त्याची अडचण झाकून टाकते आणि मोलाची वर्षे हातची जातात. म्हणून महिन्यातून एकदा तरी एक छोटी चाचणी घ्यावी : वस्तू, चित्रे, पाने सगळी बाजूला ठेवून, मुलाने शिकलेल्या अक्षरांचे पण त्याने पूर्वी कधीही न वाचलेले चार-पाच शब्द कोऱ्या कागदावर लिहून द्यावेत. ‘गवत’ आणि ‘दगड’ वाचणारे मूल ‘वड’ आणि ‘गड’ही वाचत असेल, तर त्याला अक्षरे आली आहेत. तिथे ते अडले, तर आजवर ते समोरचा दगड पाहूनच ‘दगड’ म्हणत आले आहे, आणि काम पुन्हा ग आणि ड यांच्यापासून सुरू करायचे आहे.